चुकांचा घेर

१९२१ च्या जूनमध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ कोर्सवर एकोणीस वर्षांचा एक अमेरिकन मुलगा वाळूच्या खड्ड्यात अडकला होता. ओपन स्पर्धेची तिसरी फेरी चालू होती. पहिल्या नऊ होलांनाच ४६ फटके झाले होते, दहावं होलही बिघडलं होतं आणि आता अकराव्याला चेंडू बंकरमधून बाहेर निघेना. त्याने चेंडू उचलला आणि स्पर्धा सोडून दिली.

हा बॉबी जोन्स. पुढे १९२३ ते १९३० या काळात त्याने अमेरिका आणि ब्रिटनमधल्या तेरा मोठ्या स्पर्धा जिंकल्या, शेवटच्या वर्षी तर त्या काळच्या चारही, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी तो निवृत्त झाला. स्पर्धा खेळत होता तोवर तो हौशीच राहिला. बक्षिसाची रक्कम त्याने घेतली नाही. मधल्या काळात तो अभियांत्रिकी शिकला, हार्वर्डला इंग्रजी साहित्याची पदवी मिळवली, कायद्याचा अभ्यास करून वकील झाला.

हौशी गोल्फर कुशल कसा होतो, हे समजून घ्यायचं तर जोन्सच्या विजयांपेक्षा त्याआधीची सात वर्षं जास्त बोलकी आहेत. अटलांटातल्या ईस्ट लेक क्लबच्या कोर्सलगत त्याचं बालपण गेलं. तिथे स्कॉटलंडच्या कार्नूस्टीहून आलेले स्टुअर्ट मेडन प्रशिक्षक होते. लहानगा बॉबी त्यांच्या मागे मागे हिंडायचा आणि त्यांच्यासारखा क्लब फिरवून बघायचा. पद्धतशीर धडे असे त्याने फारसे घेतलेच नाहीत. १९१६ मध्ये, चौदाव्या वर्षी, तो अमेरिकेच्या राष्ट्रीय हौशी स्पर्धेत उतरला आणि जाणकारांच्या नजरेत भरला. तरीही १९२३ उजाडेपर्यंत एकही मोठी स्पर्धा त्याच्या हाती लागली नाही. फटक्यात उणं काही नव्हतं. एखादा फटका वाईट गेला की मात्र त्याचा संताप अनावर व्हायचा, क्लब भिरकावला जायचा आणि पुढचे दोन-तीन फटके आधीच्या नुकसानीची भरपाई करण्याच्या नादात वाया जायचे. समोरच्या खेळाडूकडे बघणं सोडून आपण 'पार'शी खेळायला लागलो तेव्हा निकाल बदलले, असं त्याने पुढे लिहून ठेवलं आहे. पार म्हणजे कसलेल्या खेळाडूला एखाद्या होलला लागतील असे धरलेले फटके. बहुतेक कोर्सवर अठरा होलांची बेरीज ७२ च्या आसपास येते. पार कधी चिडत नाही आणि कधी अचाट पराक्रमही करत नाही. जोन्सने त्याच्यासोबत चालायला शिकून घेतलं.

मला या खेळाबद्दल जे सांगायचं आहे ते या सात वर्षांत आलेलं आहे. हौशी खेळाडू सुधारतो म्हणजे त्याच्या चुकांचा घेर लहान होतो. आणि तो आत्मविश्वासाने उभा राहू लागतो, कारण तो घेर आज केवढा आहे हे त्याला नेमकं ठाऊक असतं.

चुका इतक्या मध्यवर्ती का, हे आकड्यांवरून कळतं. नियमाप्रमाणे चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको आणि वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको. होलचा व्यास १०८ मिलिमीटर. हौशी पुरुष खेळाडूच्या ड्रायव्हरचं, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबचं, डोकं ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने चेंडूवर येतं, व्यावसायिकाचं १८० च्याही पुढे. क्लबचा फेस, म्हणजे चेंडूला भिडणारा सपाट भाग, चेंडूला चिकटलेला असतो तो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. त्या क्षणी फेस एका अंशाने फिरलेला असला तरी २०० यार्डांवर चेंडू साडेतीन यार्ड बाजूला पडतो. तीन अंशांनी फिरला तर साडेदहा यार्ड. हवेत वळला तर त्याहून दूर. क्लब वरून खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो, त्यामुळे वाटेत काही दुरुस्त करायला मेंदूला सवडच नसते. जे व्हायचं ते आधीच ठरलेलं असतं.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या माणसाला पहिल्या दिवशी वाटतं, चेंडू तर जमिनीवर स्वस्थ पडलेला आहे, यात अवघड ते काय! अवघड तेच आहे. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो आणि शरीर विचाराआधी हलतं. इथे चेंडू वाट बघत थांबतो, आणि तेवढ्या वेळात मनात दहा सूचना जमा होतात.

आता जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या चुकांचा घेर किती असतो ते बघू. अमेरिकेच्या पीजीए टूरवर प्रत्येक फटक्याची मोजणी होते, त्यामुळे हे आकडे उपलब्ध आहेत. १५० यार्डांवरून मारलेला फटका होलपासून सरासरी २५ फुटांच्या आसपास थांबतो. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवतावर, आठ फुटांवरून चेंडू होलमध्ये जाण्याची शक्यता जवळपास निम्मी, दहा फुटांवरून ४० टक्के, वीस फुटांवरून फक्त १५ टक्के. आठ फुटांवरचा पट, म्हणजे ग्रीनवरून होलकडे ढकललेला फटका, हुकला म्हणून मान खाली घालणाऱ्या हौशी खेळाडूला हे आकडे कुणीतरी पहिल्याच आठवड्यात सांगायला हवेत. दूरदर्शनवर त्या दिवशी आघाडीवर असलेल्यांचे फटके दिसतात, चाळिसाव्या क्रमांकावरच्याचे दिसत नाहीत. त्यामुळे नवख्याच्या डोक्यात व्यावसायिक गोल्फचं जे चित्र तयार होतं ते खऱ्यापेक्षा बरंच चकचकीत असतं, आणि त्या चित्राशी स्वतःची तुलना करून तो खचतो.

शेतकरी मूठभर बी फेकतो तेव्हा एकेक दाणा कुठे पडेल ते त्याला सांगता येत नाही, पण मुठीचा फेर किती रुंद जमीन झाकतो हे तो बरोबर जाणतो आणि त्या अंदाजाने पावलं टाकतो. एकाच क्लबने मारलेल्या पन्नास फटक्यांचंही तसंच आहे. त्यांचा एक पट्टा तयार होतो. निशाण धरायचं ते त्या पट्ट्याच्या मध्याने. झेंडा ग्रीनच्या उजव्या कडेला आणि त्याच्याही उजवीकडे पाणी असेल तर झेंड्यावर नेम धरणारा खेळाडू आपले जवळजवळ निम्मे फटके पाण्याच्या बाजूला पाठवत असतो. ग्रीनच्या मध्यावर नेम धरणारा तेच फटके, त्याच हातांनी, गवतावर ठेवतो. त्याचा स्विंग कणभरही बदललेला नसतो.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे कॅल्विन पीट. १९४३ मध्ये डेट्रॉइटला जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुलगा लहानपणी झाडावरून पडला आणि त्याचा डावा कोपर मोडला. तो पुढे आयुष्यभर सरळ झाला नाही. मोठा झाल्यावर तो शेतमजुरांच्या तांड्यांमागे गावोगाव फिरून कपडे आणि दागिने विकायचा. गोल्फ हा निरुद्योगी लोकांचा खेळ आहे असं त्याचं मत होतं. तेविसाव्या वर्षी मित्रांनी दुसरंच काही निमित्त सांगून त्याला रॉचेस्टरच्या एका सार्वजनिक कोर्सवर नेलं आणि तिथून तो या खेळाचा झाला. बत्तिसाव्या वर्षी, १९७५ मध्ये, तो पीजीए टूरवर पोचला. गोल्फच्या कुठल्याही पुस्तकात सापडणारी पहिली सूचना अशी, की उजव्या हाताच्या खेळाडूने क्लब वर नेताना डावा हात सरळ ठेवावा. पीटला ते शक्यच नव्हतं. तरी १९८१ ते १९९० अशी सलग दहा वर्षं टूरवर पहिला फटका फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, ठेवण्यात तो अव्वल राहिला. एकूण बारा स्पर्धा त्याने जिंकल्या, १९८५ ची प्लेअर्स चॅम्पियनशिप त्यातलीच.

पुस्तकी स्विंग त्याच्याकडे नव्हता. दरवेळी तसाच येणारा स्विंग होता. जिम फ्युरिकचंही तसंच: क्लब वर जाताना असा काही वळसा घेतो की कुठलाही प्रशिक्षक नवख्याला ते करू देणार नाही, पण २०१६ मध्ये पीजीए टूरवरची ५८ फटक्यांची फेरी त्याच स्विंगमधून निघाली. लॅरी नेल्सन व्हिएतनामच्या युद्धावरून परतल्यावर एकविसाव्या वर्षी खेळायला लागला, नामवंत अमेरिकन गोल्फर बेन होगनचं पुस्तक वाचून पाया घातला आणि तीन मोठ्या स्पर्धा जिंकला. उशिरा सुरुवात झाली म्हणून मनात घर करून बसलेली निराशा या माणसांकडे बघून कमी व्हावी.

मात्र दरवेळी तसाच येणारा स्विंग आपोआप येत नाही, आणि तास घातले की येतो असंही नाही. पोर्टलंडचा छायाचित्रकार डॅन मॅकलॉफलिन याने २०१० मध्ये नोकरी सोडली आणि गोल्फचा दहा हजार तास सराव करून कुठवर जाता येतं ते जाहीरपणे आजमावायचं ठरवलं. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन यांच्या १९९३ च्या संशोधनातून आणि त्यावर लिहिल्या गेलेल्या लोकप्रिय पुस्तकातून दहा हजार तासांचा आकडा तेव्हा घरोघरी पोचला होता. मॅकलॉफलिनने सुरुवात होलपासून एका फुटावरून केली आणि कित्येक महिने पटरशिवाय दुसरा क्लब हातात घेतला नाही. साधारण सहा हजार तासांनंतर, २०१५ मध्ये, पाठीच्या दुखण्याने त्याला थांबावं लागलं. तोवर त्याचा हँडिकॅप, म्हणजे चांगल्या दिवशी पारपेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात ते सांगणारा आकडा, २.६ पर्यंत खाली आला होता. बहुसंख्य हौशी खेळाडूंना आयुष्यात गाठता येत नाही असा हा टप्पा आहे. व्यावसायिक होण्याचं त्याचं स्वप्न राहिलं, पण मला त्याचा प्रयोग फसला असं वाटत नाही. एरिक्सन यांचा भरही तासांच्या आकड्यावर नव्हताच. सरावात नेमकं काय चालतं आणि त्यावर लगेच प्रतिसाद मिळतो का, यावर होता.

आणि इथेच बहुतेक हौशी खेळाडू चुकीच्या रस्त्याला लागतात. संध्याकाळी ड्रायव्हिंग रेंजवर जावं, चेंडूंची टोपली घ्यावी आणि एकच क्लब घेऊन एकामागून एक पन्नास चेंडू मारावेत, ही सरावाची रूढ पद्धत. पंधराव्या-विसाव्या चेंडूपासून फटके छान बसू लागतात. रविवारी कोर्सवर मात्र पहिल्याच टीवर, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवर, चेंडू झाडीत जातो, आणि रेंजवर जमतं ते इथे का जमत नाही या प्रश्नाने माणूस हैराण होतो. याचं उत्तर १९७९ मध्ये जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन या संशोधकांनी केलेल्या एका साध्या प्रयोगात आहे. हातात टेनिसचा चेंडू घेऊन लाकडी अडथळे ठरावीक क्रमाने पाडायचे, असे तीन वेगवेगळे क्रम शिकायचे होते. एका गटाने पहिला क्रम घोटून मग दुसरा, मग तिसरा घेतला. दुसऱ्या गटाने तिन्ही उलटसुलट मिसळून केले. सराव चालू असताना पहिला गट सरस होता. दहा मिनिटांनी आणि दहा दिवसांनी चाचणी घेतली तेव्हा दुसरा गट पुढे गेला होता.

एकच फटका पुन्हा पुन्हा मारताना मेंदू आधीचं उत्तर नुसतं पुढे चालवतो. क्लब बदलला, अंतर बदललं, निशाण बदललं की उत्तर दरवेळी नव्याने काढावं लागतं. कोर्सवर नेमकं तेच करायचं असतं, कारण तिथे एकच फटका लागोपाठ दोनदा खेळायची वेळ क्वचित येते. म्हणून रेंजवर नवी हालचाल शिकताना पहिले काही चेंडू एकाच क्लबने मारावेत, ते योग्यच आहे. पण उरलेली टोपली कोर्स खेळल्यासारखी संपवावी. डोळ्यांसमोर ओळखीचं पहिलं होल आणायचं, ड्रायव्हर मारायचा, मग उरलेल्या अंतराला लागेल तो आयर्न, मग वेज. प्रत्येक चेंडूआधी मागे जाऊन निशाण नव्याने धरायचं. असा सराव करताना फटके वाईट बसतात, जीव वैतागतो आणि आपण मागे चाललो आहोत असं वाटतं. त्या भावनेवर विश्वास ठेवू नये.

मन कुठे ठेवायचं हा याहून नाजूक प्रश्न. पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी १९६७ मध्ये कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे मांडले: आधी माणूस विचार करून करतो, मग जुळवत जातो, शेवटी विचाराविना करतो. गोल्फमध्ये पहिल्या टप्प्यावरच्या सूचना दुसऱ्या टप्प्यानंतरही सुटत नाहीत, ही खरी अडचण आहे. गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नवख्यांना छोटे पिच फटके शिकवले. एका गटाला सांगितलं, हातांच्या हालचालीकडे लक्ष द्या. दुसऱ्याला सांगितलं, क्लबच्या डोक्याच्या हालचालीकडे लक्ष द्या. दुसऱ्या गटाचे फटके जास्त अचूक निघाले, नंतरच्या चाचणीतसुद्धा. शरीराच्या आत बघण्यापेक्षा शरीराच्या बाहेर बघणं फायद्याचं ठरतं, हे नंतर इतर अनेक कौशल्यांत दिसून आलं आहे.

मानसशास्त्रज्ञ सायन बेलॉक यांच्या पटिंगच्या प्रयोगांनी त्यात आणखी भर घातली. मुरलेल्या खेळाडूंना आपल्या पटच्या हालचालीकडे बारकाईने लक्ष द्यायला सांगितलं की त्यांचा खेळ बिघडतो. उलट त्यांचं लक्ष दुसऱ्याच एखाद्या कामात गुंतवलं तर बिघडत नाही. नवख्यांचं उलट असतं, त्यांना लक्ष देण्याचा उपयोग होतो. बेलॉक यांना असंही आढळलं, की निष्णात खेळाडूंना नुकताच मारलेला विशिष्ट पट नेमका कसा मारला ते फारसं आठवत नाही. हात करून मोकळे झालेले असतात.

आता मधल्या हौशी खेळाडूचा विचार करा, ज्याचा हँडिकॅप १८ ते २५ च्या दरम्यान आहे. चांगला दिवस असतो तेव्हा हात आपोआप चालतात. दोन फटके बिघडले की तो पुन्हा नवख्यासारखा मनगट, कोपर, खांदा मोजायला लागतो, आणि दोन्हीकडचा तोटा पदरात घेतो. वर्षानुवर्षं एकाच जागी अडकलेले खेळाडू बहुधा इथे अडकलेले असतात. अनुभवी खेळाडू प्रत्येक फटक्याआधी ठरलेला छोटा क्रम पाळतात तो याच कारणाने: चेंडूच्या मागे उभं राहून निशाण बघणं, एखादा हवेतला स्विंग, पाय रोवणं, पुन्हा एकदा निशाण, आणि फटका. स्विंगचा विचार चेंडूच्या मागे उभे असताना काय करायचा तो करावा. चेंडूपाशी आल्यावर डोक्यात जागा फक्त निशाणाला. कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी १९९२ मध्ये पटिंग करणाऱ्यांच्या नजरेची नोंद घेतली, तेव्हा कमी हँडिकॅपचे खेळाडू फटक्याआधी चेंडूवर नजर जास्त वेळ स्थिर ठेवतात असं दिसलं. इतरांची नजर भिरभिरत राहते.

चेंबूरमध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या आसपासच्या वस्तीतली पोरं या सगळ्या संशोधनाच्या वाटेला न जाता त्याच निष्कर्षापाशी पोचली आहेत. क्लबमध्ये कॅडी म्हणून दुसऱ्यांच्या बॅगा वाहणाऱ्या मुलांनी बांधकामाची सळई वाकवून तिचा क्लब केला आणि प्लास्टिकचा चेंडू घेऊन वस्तीच्या बोळांत स्वतःचं गोल्फ सुरू केलं. भिंत, गटार, जिना, दोरीवरचे कपडे, मधून जाणारी माणसं. इथे लागोपाठ सारखे दोन फटके मिळतच नाहीत आणि बघायचं ते चेंडू कुठे पोचवायचा एवढंच. शिवाय कॅडी दिवसभर चांगल्या-वाईट शेकडो फटक्यांचा साक्षीदार असतो. कुठल्या स्विंगमधून कुठला चेंडू निघतो याचा जो साठा त्याच्या डोळ्यांत जमतो तो विकत मिळत नाही. बेन होगन कॅडी होता. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून सुरुवात केलेला अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक ठरला. आपल्याकडे कोर्सवर वेळ मिळण्याची संधी या मुलांना किती कमी असते ते पाहिलं की या यशाची किंमत कळते, आणि अजून किती जण त्या बोळांतच राहिले असतील या विचाराने वाईटही वाटतं.

कशाचा सराव करायचा याबद्दल गोल्फमध्ये फार जुना वाद आहे. टेक्सासचे वयोवृद्ध शिक्षक हार्वी पेनिक होलपासून मागे मागे शिकवत जायचे: आधी छोटे पट, मग ग्रीनच्या कडेचे चिप, शेवटी लांब फटके. खेळ ग्रीनवरच जिंकला जातो ही समजूत सगळीकडे आहे. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी टूरवरच्या लाखो फटक्यांचा हिशेब मांडला तेव्हा वेगळंच निघालं. अव्वल चाळीस खेळाडू इतरांपेक्षा जे फटके वाचवतात त्यातले ४० टक्के ग्रीनकडे मारलेल्या लांबच्या फटक्यांतून, २८ टक्के टीवरच्या पहिल्या फटक्यातून, १७ टक्के ग्रीनच्या आसपास आणि फक्त १५ टक्के पटिंगमधून येतात. हौशी खेळाडूंमधल्या फरकाचाही साधारण दोन-तृतीयांश भाग लांबच्या खेळात असतो.

माझ्या मते दोघंही बरोबर आहेत, वेळ वेगळी आहे. चेंडूवर क्लब नीट बसला म्हणजे काय वाटतं ते छोट्या फटक्यात सर्वांत लवकर कळतं, म्हणून सुरुवात पेनिक सांगतात तिथूनच व्हावी. पण ज्याला ९८ वरून ८८ वर यायचं आहे त्याने टीवरून हरवलेले चेंडू मोजावेत. टीवरून चेंडू हरवला तर दंड धरून तिथूनच तिसरा फटका मारावा लागतो. वीस यार्ड कमी पण खेळता येईल अशा जागी पडलेला चेंडू त्याहून कितीतरी बरा.

उजव्या हाताच्या बहुतेक हौशी खेळाडूंचा चेंडू उजवीकडे वळतो. जुनी पुस्तकं सांगायची, चेंडू क्लबच्या वाटेने निघतो. रडारवर चालणारी मोजयंत्रं आल्यावर पक्कं झालं की चेंडू मुख्यतः फेस जिकडे बघत असेल तिकडे निघतो, आणि वाट व फेस यांच्यातल्या फरकाने वळतो. चेंडू उजवीकडे जातो म्हणून खेळाडू जितका डावीकडे ओढून मारतो तितका हा फरक वाढतो आणि चेंडू आणखी उजवीकडे वळतो. कारण कळलं की सुधारणा बहुधा पकडीपासून सुरू होते. तोपर्यंत दरवेळी पंधरा यार्ड उजवीकडे वळणारा चेंडूही उपयोगाचा आहे, पंधरा यार्ड डावीकडे निशाण धरून त्याच्यावर फेरी खेळता येते. कधी डावीकडे, कधी उजवीकडे जाणारा चेंडू मात्र कुठेच नेत नाही. होगन १९३० मध्ये व्यावसायिक झाला आणि डावीकडे झपकन वळणाऱ्या चेंडूशी झगडत राहिला; एकट्याच्या नावावर पहिली स्पर्धा जिंकायला १९४० साल उजाडलं.

हँडिकॅपची पद्धत कशी बेतली आहे ते नीट समजून घेतलं तर मनावरचं बरंच ओझं उतरतं. २०२० पासून जगभर, भारतातही, एकच पद्धत चालते. शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या आठ धरल्या जातात, कोर्स किती अवघड आहे त्याचा हिशेब त्यात असतो, आणि कमाल मर्यादा ५४ आहे. म्हणजे हँडिकॅप तुमच्या चांगल्या दिवसांवरून निघतो. बहुतेक रविवारी तुम्ही त्याहून वाईटच खेळणार, हे गणितातच आहे. एखाद्या होलचा पुरता बट्ट्याबोळ झाला तरी हँडिकॅपसाठी त्याला मर्यादा असते: पार, त्यावर दोन, आणि त्या होलला तुम्हाला मिळणारी सवलत. पार चारच्या होलला एक फटका सवलत असेल आणि तुम्ही दहा मारले तरी हिशेबात सातच येतात. वाईट फटके आधीच धरून चालण्याची ही दृष्टी जुनीच आहे. १९२६ मध्ये फ्लोरिडातल्या ७२ होलांच्या लढतीत त्या काळचा नामवंत व्यावसायिक वॉल्टर हेगनने बॉबी जोन्सला अगदी चीत केलं होतं. एका फेरीत सातेक फटके वाईट जाणारच, असं धरून मी उतरतो, असं हा हेगन म्हणायचा असं सांगतात. एखादा गेला की त्याला नवल वाटत नसे, आणि पुढचा चेंडू कुठूनही खेळायची त्याची तयारी असे.

आपल्याकडे सुरुवात करायची तर पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. सिडकोने खारघरला कोर्स उभारला आहे, पुण्यात आणि नाशकात कोर्स आहेत, लष्कराच्या छावण्यांतून तर कित्येक पिढ्या हा खेळ शिकल्या. बॅगेत १४ क्लब नेता येतात ही वरची मर्यादा आहे. पहिल्या वर्षी एक वुड, तीन-चार आयर्न, एक वेज आणि पटर एवढं पुरे होतं. क्लब कमी असले की प्रत्येकाचं खरं अंतर लवकर कळतं. ते अंतर ठरवताना आयुष्यातला सर्वांत लांब गेलेला फटका धरू नये. दहा फटके मारावेत, मधले सहा धरावेत. हौशी खेळाडूंचे बहुतेक फटके ग्रीनच्या अलीकडे पडतात, ते खोट्या अंतरावर भरवसा ठेवल्यामुळे. शंका आली तर एक क्लब वरचा घ्यावा आणि निवांत मारावा.

फेरी संपली की कार्डाच्या मागच्या बाजूला चार आकडे लिहून ठेवावेत: टीवरून किती चेंडू हरवले किंवा दंडात गेले, किती वेळा ग्रीनच्या अलीकडे पडलो, बंकरमधून बाहेर यायला एकापेक्षा जास्त फटके किती वेळा लागले, आणि किती होलांना तीन पट लागले. दहा फेऱ्यांची कार्डं शेजारी शेजारी मांडली की पुढच्या महिन्यात रेंजवर सगळ्यात आधी कुठला क्लब बाहेर काढायचा ते त्यातून दिसतं.